साफ केलेला व्हायरस पुन्हा येतो तेव्हा: आधी परवानग्या तपासा

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्याच्या कार्यालयातून मला सलग चौथ्या महिन्यात त्याच तक्रारीचा फोन आला. सामायिक फोल्डरमधले आतले फोल्डर दिसेनासे होतात, त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट येतात, त्यांवर क्लिक केले की अँटीव्हायरसची सूचना झळकते, धोका काढून टाकल्याचे सांगितले जाते, आणि दोन-तीन दिवसांनी सगळे पुन्हा जसेच्या तसे. आधीच्या तीन खेपांना मी सातही यंत्रांवर पूर्ण स्कॅन चालवला होता, 'ॲट्रिब' या आज्ञेने लपवलेले फोल्डर पुन्हा दिसते केले होते, शॉर्टकट पुसले होते आणि पैसे घेऊन घरी आलो होतो. ती माझी चूक होती. फरशी पुसत होतो, पण वरचा नळ उघडाच होता.

अँटीव्हायरस बदला, असे मला तोपर्यंत दोघा-तिघांनी सुचवले होते. कार्यालयात विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर होता आणि 'फुकटातले असेच असायचे' हे मालकांचे मत होते. मात्र दर खेपेला तो शॉर्टकटामागची स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी फाइल, ओळखत होता, नाव लिहीत होता, विलग करत होता. ओळखण्यात तो कुठेच कमी पडला नव्हता. समोर आलेली फाइल वाईट आहे की नाही, एवढेच अँटीव्हायरस सांगू शकतो. चालू झालेला प्रोग्राम, ज्याच्या नावाने तो चालतो आहे त्या माणसाच्या अधिकारात, कुठे लिहू शकेल, काय बदलू शकेल आणि खुद्द पहारेकऱ्यालाच झोपवू शकेल का, हे ऑपरेटिंग सिस्टिममधल्या परवानग्या ठरवतात. या कार्यालयात त्या परवानग्या नावापुरत्याही उरलेल्या नव्हत्या.

नोंदी काय सांगत होत्या

चौथ्या खेपेला स्कॅन लावण्याआधी मी नोंदी वाचायला बसलो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज' या शाखेखाली मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर आणि मग ऑपरेशनल असे उतरत गेले की डिफेंडरची रोजनिशी सापडते. त्यात १११६ क्रमांकाची नोंद म्हणजे काहीतरी घातक सापडले, १११७ म्हणजे त्यावर कारवाई झाली, ५००१ म्हणजे प्रत्यक्ष संरक्षण बंद झाले, आणि ५००७ म्हणजे डिफेंडरच्या मांडणीत बदल झाला. बहुतेक जण पहिल्या दोन क्रमांकांशी थांबतात, आणि खरी गोष्ट शेवटच्यात असते.

चार यंत्रांवर १११६ आणि १११७ यांच्या जोड्या ओळीने होत्या. हिशेबाच्या आणि पगाराच्या टेबलांवरच्या दोन यंत्रांवर जुन्या दोन-चार नोंदी होत्या आणि नंतर एकदम शांतता. सातवे यंत्र, ज्याला सगळे 'सर्व्हर' म्हणतात पण जे खरे तर कोपऱ्यात पंख्याखाली ठेवलेला एक साधा डेस्कटॉप आहे, त्यावर गेल्या आठ महिन्यांत एकही धोका सापडल्याची नोंद नव्हती. ज्या यंत्रावरचा फोल्डर दर आठवड्याला शॉर्टकटांनी भरतो, नेमके तेच यंत्र निरोगी! ही शांतता पाहून मला संशय यायला हवा होता. तीन महिने मी तिच्यावर समाधान मानले.

सर्व्हरवर ५००७ क्रमांकाची एक नोंद मिळाली. तिची तारीख हिशेबाचे सॉफ्टवेअर बसवले त्या दिवसाचीच होती. बसवायला आलेल्या मुलाने, सॉफ्टवेअर संथ चालू नये म्हणून, अख्खा डी ड्राइव्ह डिफेंडरच्या अपवादांच्या यादीत टाकला होता. त्यामुळे सामायिक फोल्डर ज्या ड्राइव्हवर होता, त्या ड्राइव्हकडे डिफेंडर पाहतच नव्हता. पगाराच्या टेबलावरच्या यंत्रातली ५००७ नोंद मात्र कोणा माणसाने केलेली नव्हती. सकाळी १० वाजून २६ मिनिटांनी त्या वापरकर्त्याच्या ॲपडेटामधला (प्रोग्राम आपापल्या फाइली ठेवतात त्या फोल्डरातला) 'रोमिंग' हा फोल्डर अपवादात गेला होता, आणि विंडोज फोल्डरमधल्या 'आयएनएफ' उपफोल्डरातल्या सेटअपएपीआयच्या नोंदवहीत त्याच दिवशी १० वाजून २२ मिनिटांनी एक नवा पेन ड्राइव्ह पहिल्यांदा जोडल्याचे दिसत होते. मधली चार मिनिटे म्हणजे पूर्ण कथा आहे. आदल्या दिवशी प्रिंटरचा टोनर संपला होता. पगारपत्रक बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले होते. त्या दुकानातल्या यंत्राने पेन ड्राइव्हवर शॉर्टकट सोडले होते. दुसऱ्या दिवशी तो शॉर्टकट फोल्डर समजून उघडला गेला आणि आतल्या स्क्रिप्टने 'तुम्ही या प्रोग्रामला बदल करू द्याल का' ही विंडोजची खिडकी पुढे केली.

"दादा, त्या खिडकीत 'यस' दाबल्याशिवाय इथे काहीच उघडत नाही," पगार पाहणाऱ्या काकू मला म्हणाल्या. "हिशेबाचं सॉफ्टवेअर रोज सकाळी तेच विचारतं. मी न वाचताच दाबते." त्यांचे काहीच चुकले नव्हते. त्यांना तसे वागायला त्या सॉफ्टवेअरनेच शिकवले होते.

विंडोज बसवताना तयार होणारे पहिले खाते ॲडमिनिस्ट्रेटर असते, आणि छोट्या कार्यालयांत तेच खाते पुढे वर्षानुवर्षे रोजच्या कामाला वापरले जाते. कमांड प्रॉम्प्टवर 'नेट लोकलग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर्स' ही आज्ञा दिली की कोणकोण त्या गटात आहे ते दिसते. सातही यंत्रांवर सगळेच होते. अशा खात्यातून 'यस' म्हटले की चालू झालेल्या स्क्रिप्टला यंत्राच्या मालकाचे सर्व अधिकार मिळतात, आणि त्यांत डिफेंडरच्या अपवादांत भर घालण्याचा अधिकारही येतो. टॅम्पर प्रोटेक्शन, म्हणजे डिफेंडरला परस्पर बंद करू न देणारी सोय, चालू असल्याने संरक्षण बंद करणे तिला अवघड गेले असते. पण घरगुती किंवा छोट्या कार्यालयातल्या, मध्यवर्ती व्यवस्थापन नसलेल्या यंत्रावर अपवाद घालायला त्याची आडकाठी नसते. पहारेकऱ्याला हाकलण्यापेक्षा 'या खोलीत डोकावू नकोस' असे त्याला सांगणे स्क्रिप्टच्या दृष्टीने अधिक सोयीचे होते.

आता चक्र स्पष्ट झाले. हिशेबाच्या आणि पगाराच्या यंत्रांवर स्क्रिप्ट अपवादातल्या फोल्डरात सुखाने राहत होती आणि सर्व्हरच्या सामायिक फोल्डरात पुन्हा पुन्हा लिहीत होती. सर्व्हर त्या ड्राइव्हकडे पाहत नव्हता. उरलेल्या चार यंत्रांवर कोणी शॉर्टकट उघडला की तिथला डिफेंडर प्रामाणिकपणे ओरडत होता. आम्ही ओरड ऐकू येईल तिथे साफसफाई करत होतो आणि जिथे शांतता होती तिथे फिरकतही नव्हतो.

दुरुस्तीचा क्रम

क्रम चुकला तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून तो सांगतो. प्रथम सातही यंत्रांच्या नेटवर्कच्या तारा काढल्या. मग प्रत्येक यंत्रावरचे सगळे अपवाद काढून टाकले, आणि त्यानंतरच डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला; हा स्कॅन विंडोज सुरू होण्याआधी चालत असल्याने चालू असलेली स्क्रिप्ट त्याच्यापासून लपू शकत नाही. अपवाद न काढता लावलेला स्कॅन म्हणजे कुलूपबंद खोली सोडून घराची झडती घेणे. स्कॅननंतर टास्क शेड्युलर, स्टार्टअप फोल्डर आणि रजिस्ट्रीमधली 'रन' ही कळ, म्हणजे प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या जागा, हाताने पाहिल्या. पगाराच्या यंत्रावर एका अपडेटसारखे नाव धारण केलेले एक टास्क दर अर्ध्या तासाला स्क्रिप्ट चालवत असल्याचे तिथे आढळले.

मग खाती बदलली. इथे घाई करू नये. आधी प्रत्येक यंत्रावर देखभालीसाठी नवे ॲडमिनिस्ट्रेटर खाते उघडावे, त्यातून एकदा प्रत्यक्ष लॉगिन करून पाहावे, आणि मगच रोजच्या खात्याला 'स्टँडर्ड' करावे. उलट केले आणि नव्या खात्याचा पासवर्ड टंकताना चुकलेला असला तर यंत्राच्या आत शिरायला कोणीच उरत नाही. रोजचे खाते स्टँडर्ड झाले की परवानगीची ती खिडकी 'यस' किंवा 'नो' एवढेच विचारून थांबत नाही, तर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागते. हा फरक दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. २००७ साली विंडोज व्हिस्टासोबत युझर अकाउंट कंट्रोल, म्हणजे ही खिडकी दाखवणारी सोय, सामान्य ग्राहकांच्या यंत्रांवर आले, आणि ॲडमिनिस्ट्रेटर खात्यावर दिसणारी त्याची खिडकी ही सुरक्षेची पक्की सीमा मानता येणार नाही, अशीच मायक्रोसॉफ्टची स्वतःची भूमिका राहिली आहे. तिला वळसा घालण्याच्या युक्त्या बऱ्याच निघाल्या. दोन वेगळ्या खात्यांमधली भिंत ही मात्र खरी भिंत असते.

देखभालीच्या खात्याचा पासवर्ड प्रत्येक यंत्रावर वेगळा ठेवला, आणि मालकांच्या कपाटातल्या वहीत हाताने लिहून ठेवला. 'सगळीकडे एकच ठेवा ना, लक्षात राहील,' असा आग्रह झालाच. त्यावर मी न्हावा शेव्याचे उदाहरण दिले. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम जगभर पसरला तेव्हा जवाहरलाल नेहरू बंदरातल्या, मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळित झाले होते. विंडोजमधल्या ज्या छिद्रातून तो शिरू शकत होता त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्येच दिला होता. तरीही अद्ययावत यंत्रेसुद्धा पडली, कारण एका यंत्राच्या मेमरीतून उचललेल्या ॲडमिनिस्ट्रेटरच्या ओळखीने तो शेजारच्या यंत्रांत रीतसर लॉगिन करत होता. समान पासवर्ड म्हणजे सात कुलपांना एक किल्ली. डोमेन असलेल्या, म्हणजे सगळी खाती एका जागेवरून सांभाळणाऱ्या, मोठ्या कार्यालयांत हे काम मायक्रोसॉफ्टची लॅप्स ही व्यवस्था स्वतःहून करते. सात यंत्रांच्या कार्यालयाला वही पुरते.

हिशेबाचे सॉफ्टवेअर अडले

अपेक्षेप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. हिशेबाचे सॉफ्टवेअर सुरूच होत नव्हते. बसवणाऱ्या संस्थेचा सल्ला ठरलेला होता: सगळ्यांना पुन्हा ॲडमिन करा. याच वळणावर बहुतेक कार्यालये हार मानतात, आणि म्हणून इथे थोडे थांबतो.

कुठलेही सॉफ्टवेअर 'ॲडमिन लागतो' म्हणते तेव्हा त्याला सहसा एक-दोन ठिकाणी लिहायचे असते आणि तिथे स्टँडर्ड वापरकर्त्याला परवानगी नसते. ती ठिकाणे शोधता येतात. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातले प्रोसेस मॉनिटर हे साधन चालू करून त्यात फक्त त्या सॉफ्टवेअरचे नाव आणि 'ॲक्सेस डिनाइड' हा निकाल एवढीच चाळणी लावली. पडद्यावरून धावणाऱ्या हजारो ओळींतून उरल्या अकरा, आणि त्या अकराही ओळी दोनच ठिकाणांच्या होत्या: प्रोग्राम फाइल्समधल्या त्याच्या फोल्डरातली एक छोटी सेटिंगची फाइल, आणि त्याच फोल्डराच्या पोटात असलेला डेटाचा उपफोल्डर. डेटा सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर हलवला आणि सॉफ्टवेअरला नवा मार्ग दिला; सेटिंगच्या त्या एकाच फाइलवर वापरकर्त्यांच्या गटाला 'मॉडिफाय' दिले. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ची खूण काढून टाकली. त्या दिवसापासून काकूंना सकाळी ती खिडकी दिसलेली नाही.

हे करताना दोन मोह टाळावे लागतात. पहिला, प्रोग्रामच्या अख्ख्या फोल्डरवर लिहिण्याची परवानगी देऊन टाकण्याचा. मग स्टँडर्ड वापरकर्त्याच्या नावाने चाललेला प्रोग्रामही मूळ ईएक्सई फाइल बदलून ठेवू शकतो, आणि पुढच्या वेळी आपण स्वतः ॲडमिन म्हणून ती चालवली की सगळे अधिकार त्याच्या हाती जातात. दुसरा मोह म्हणजे 'चालतंय ना, मग झालं' असे म्हणून सोडून देण्याचा. काही जुन्या सॉफ्टवेअरना परवानगी नसतानाही ती चालू राहतात, कारण विंडोज त्यांचे लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात वळवते. मग एकाच्या लॉगिनमध्ये दिसणाऱ्या नोंदी दुसऱ्याला दिसत नाहीत, आणि हिशेब जुळत नाही तेव्हा पुन्हा व्हायरसचे नाव घेतले जाते. मी असे प्रकरण तुर्भ्याच्या एका गाळ्यात दोन दिवस व्हायरस समजून शोधत बसलो होतो.

सामायिक फोल्डर

सामायिक फोल्डरवर 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' असे होते, शेअरच्या पातळीवर आणि फाइलप्रणालीच्या पातळीवरही. नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोन्ही चाळण्यांतून जावे लागते आणि दोहोंपैकी जी अधिक कडक तीच लागू पडते. म्हणून शेअरची चाळणी थोडी सैल ठेवून सगळे बारीक काम एनटीएफएसच्या, म्हणजे फाइलप्रणालीच्या, परवानग्यांत करावे, म्हणजे नंतर कोण कुठे अडले ते शोधायला एकच जागा राहते. सर्व्हरवर हिशेब, पगार आणि भांडार असे तीन गट केले, प्रत्येकाला आपापल्या फोल्डरवर 'मॉडिफाय' आणि इतरांच्या फोल्डरवर एक तर फक्त वाचन किंवा काहीच नाही. 'फुल कंट्रोल' कोणालाच नाही. त्यात परवानग्या बदलण्याची आणि मालकी घेण्याची मुभा येते आणि रोजच्या कामाला ती कधीच लागत नाही. 'डिनाय'च्या चौकटीला शक्यतो हात लावू नये, कारण ती 'अलाव'वर मात करते आणि दोन गटांत असलेला माणूस विनाकारण बाहेर राहतो. सर्वांच्या वरच्या मूळ फोल्डरात आता कोणालाच नवी फाइल टाकता येत नाही, आणि शॉर्टकट बहुतेक वेळा नेमके तिथेच उगवत होते.

एका गैरसमजाबद्दल इथेच सांगायला हवे. फोल्डरवरची 'एक्झिक्यूट' परवानगी काढली की तिथली स्क्रिप्ट चालणार नाही, असे बरेच जण समजतात. ईएक्सई फाइल थांबते हे खरे. पण व्हीबीएस स्क्रिप्ट स्वतः चालत नसते. सिस्टिम ३२ मधला डब्ल्यूस्क्रिप्ट हा प्रोग्राम ती वाचतो आणि चालवतो, आणि वाचायची परवानगी तर आपण दिलेलीच असते.

स्टँडर्ड खातेही पुरत नाही

इथपर्यंत आल्यावर मला वाटले होते की काम संपले. पण स्टँडर्ड वापरकर्त्याचे स्वतःचे दस्तऐवज, त्याचा ॲपडेटा फोल्डर आणि रजिस्ट्रीतला त्याच्या वाट्याचा 'रन' हे सगळे त्याच्याच मालकीचे असते. त्याच्या नावाने चाललेला घातक प्रोग्राम सेवा बसवू शकत नाही, डिफेंडरला अपवाद सांगू शकत नाही, विंडोजने राखून ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती (शॅडो कॉपी) 'व्हीएसएसॲडमिन' या आज्ञेने पुसू शकत नाही. मात्र त्या वापरकर्त्याच्या सगळ्या फाइली तो निवांत कुलूपबंद करू शकतो. म्हणून अधिकार कमी केल्यावरही अँटीव्हायरस लागतोच, आणि दोघांच्या मध्ये तिसरा थर लागतो: अनोळखी जागेवरून काहीच चालू द्यायचे नाही.

त्यासाठी कोणता प्रोग्राम कुठून चालू द्यायचा हे ठरवणारी विंडोजमधली सोय, ॲपलॉकर, वापरला. त्याचे मूळ नियम साधे आहेत. विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स या फोल्डरांतले सर्वांना चालते, बाकी कुठूनही फक्त ॲडमिनिस्ट्रेटरला. स्टँडर्ड वापरकर्ता जिथे लिहू शकतो तिथून तो काही चालवू शकत नाही आणि जिथून चालवू शकतो तिथे त्याला लिहिता येत नाही. ही जोडी जमण्यासाठीच आधीची सगळी खटपट होती. सगळे ॲडमिन असते तर या नियमाचा काडीचा उपयोग झाला नसता. स्क्रिप्टचे नियमही चालू करावेत. ते चालू असले की डब्ल्यूस्क्रिप्ट हा प्रोग्राम व्हीबीएस किंवा जेएस फाइल चालवण्याआधी परवानगी विचारतो, आणि पेन ड्राइव्हवरच्या शॉर्टकटची शक्ती तिथेच संपते. एचटीए प्रकारच्या (वेबपानासारख्या, पण प्रोग्राम म्हणून चालणाऱ्या) फाइली मात्र या नियमांत येत नाहीत, म्हणून एमएसएचटीए हा प्रोग्राम वेगळा बंद करावा लागतो.

ॲपलॉकर लावताना मी स्वतः दोनदा अडलो. त्याला 'ॲप्लिकेशन आयडेंटिटी' ही सेवा चालू लागते, आणि सर्व्हिसेसच्या खिडकीतून तिचा सुरू होण्याचा प्रकार बदलू गेल्यास परवानगी नाकारली जाते. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून 'एससी कॉन्फिग' या आज्ञेने तो बदलतो. दुसरे, ईएक्सईचे नियम लावले पण पॅकेज्ड ॲपचे (स्टोअरमधल्या प्रकारच्या ॲपचे) मूळ नियम तयार करायचे राहिले, आणि एका यंत्राचा स्टार्ट मेनूच उघडेना. त्यामुळे आधी दोन आठवडे 'ऑडिट ओन्ली' ठेवावे आणि रोज ८००३ आणि ८००६ या क्रमांकांच्या नोंदी पाहाव्यात. प्रत्यक्ष लागू केले असते तर काय अडले असते ते त्यांत दिसते. आमच्याकडे बँकेच्या डिजिटल सहीचा एक प्रोग्राम ॲपडेटामधून चालत होता. त्याला प्रकाशकाच्या स्वाक्षरीवर आधारित परवानगी दिली, मार्गावर आधारित नव्हे, कारण मार्ग कोणालाही वापरता येतो. विंडोज फोल्डरातल्या 'टेम्प' आणि 'टास्क्स' या उपफोल्डरांत सामान्य वापरकर्त्यालाही फाइल टाकता येते, म्हणून ते दोन्ही मूळ नियमातून वगळले.

नियम तयार करण्याची 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी'ची खिडकी होम आवृत्तीत नसते. सुदैवाने इथली सगळी यंत्रे प्रो होती. दोन यंत्रे अजून विंडोज १० वर होती. त्या आवृत्तीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने ती ११ वर नेली, नाहीतर वरचे सगळे थर छिद्र पडलेल्या भिंतीवर रंग दिल्यासारखे झाले असते. ज्यांना पेन ड्राइव्ह पुरतेच नियंत्रण हवे आहे त्यांनी सीडॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचे 'यूएसबी प्रतिरोध' पाहावे; ते सायबर स्वच्छता केंद्रामार्फत मोफत मिळते.

डिफेंडरकडे शेवटी वळलो. टॅम्पर प्रोटेक्शन सगळीकडे चालू असल्याची खात्री केली आणि दस्तऐवजांच्या फोल्डरांसाठी 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस', म्हणजे अनोळखी प्रोग्रामला तिथे बदल करू न देणारी सोय, चालू केले. ही सोय डिफेंडर हाच मुख्य अँटीव्हायरस असेल तरच चालते. दुसरा बसवला की डिफेंडर मागे सरतो. म्हणूनच 'दोन असले तर जास्त सुरक्षित' हा विचार सोडून द्यावा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला वेगाची अडचण आली तर त्याच्या डेटाच्या नेमक्या फाइलप्रकारापुरता अपवाद घालायचे ठरवले होते, पण तशी वेळ आली नाही. संथपणा जुन्या हार्ड डिस्कमुळे होता.

खात्री कशी केली

प्रत्येक थर वेगवेगळा तपासला. अँटीव्हायरससाठी आयकार या संस्थेची ६८ अक्षरांची चाचणी-ओळ असते. ती निरुपद्रवी असते पण सगळे अँटीव्हायरस तिला मुद्दाम धोका मानतात. ती फाइल सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर ठेवताच १११६ ची नोंद उमटली, आणि आठ महिने मुके असलेले ते यंत्र पहिल्यांदा बोलले. मग काकूंच्या खात्यातून अपवाद घालून पाहिला. पासवर्ड मागितला गेला. दुसऱ्या एका पेन ड्राइव्हवर फक्त एक संदेश दाखवणारी दोन ओळींची व्हीबीएस स्क्रिप्ट ठेवली आणि तिच्यावर क्लिक केले. ती अँटीव्हायरसला घातक वाटण्याचे कारण नव्हते आणि वाटलीही नाही; ॲपलॉकरने मात्र ८००७ ची नोंद करून ती अडवली. उद्या एखादी स्क्रिप्ट इतकी नवी असेल की कोणताच अँटीव्हायरस तिला ओळखत नसेल, तेव्हा तिचेही असेच होईल, हे मला पाहायचे होते.

त्यानंतर पाच महिने झाले. दोनदा पेन ड्राइव्हवरून शॉर्टकट आले, दोन्ही वेळा ते ज्या यंत्रात आले तिथेच अडले आणि सर्व्हरच्या फोल्डरात एकही उगवला नाही. एक काम अजून राहिले आहे. मालकांचा स्वतःचा लॅपटॉप त्यांच्या आग्रहाने ॲडमिन खात्यावरच चालतो आणि तो घरी, कारखान्यात, मुलीच्या महाविद्यालयाच्या प्रकल्पालाही वापरला जातो. त्याबाबत एवढेच करता आले की सर्व्हरवरच्या त्यांच्या खात्याला तिन्ही फोल्डरांवर फक्त वाचनाची परवानगी दिली. काही बदलायचे झाले तर ते काकूंना फोन करतात.